हौसाचे बैल

शाळेतल्या मास्तरांना लोक निदान विचारतात, "काय मास्तर, यंदा निकाल कसा?" बालवाडीच्या बाईला कुणी काही विचारत नाही. नाकं पुसायची, भांडणं सोडवायची, सुकडी वाटायची, दोन गाणी म्हणायची, एवढंच तिचं काम असा सगळ्यांचा समज. माझ्या सख्ख्या नणंदेनं एकदा पाहुण्यांपुढं माझी ओळख करून दिली ती अशी: "आमच्या वहिनी पोरं राखतात." शेरडं राखतात तशी. मी आत चहा गाळत होते. बाहेर येऊन तोंड उघडलं असतं तर पाहुण्यांना चहा मिळाला नसता, म्हणून गप्प बसले. पण आता नोकरी संपूनही बरीच वर्षं झाली, आता सांगायला हरकत नाही. नणंदबाई, मी पोरांची बोटं तयार करत होते. आणि ती करताना एका पोरीचं मी नुकसान केलं, तेही आज सांगून टाकते.

आधी बोटांचं सांगते. लिहिणं बोटांनी होतं असं तुम्हाआम्हाला वाटतं. तीन-चार वर्षांच्या पोराचा सगळा कारभार खांद्यातून चालतो. त्याच्या हातात खडू द्या, अख्खा हात खांद्यापासून फिरतो आणि जमिनीवर परातीएवढा गोल उमटतो. सहा-आठ महिन्यांनी कोपर मोकळं होतं, मग मनगट, आणि सगळ्यात शेवटी बोटं. बोटं जागी व्हायच्या आतच पोराला 'ग म भ न' गिरवायला बसवलं तर ते जीभ बाहेर काढून, मान वाकडी करून, घामाघूम होऊन कसंबसं गिरवतं आणि पुढं शाळेचं नाव काढलं की उसात जाऊन लपतं. ट्रेनिंगमध्ये हे सांगितलं होतं म्हणे. मी बहुतेक तेव्हा डुलक्या घेत असेन, कारण मला ते वाडीतल्या पोरांनीच शिकवलं.

सत्तर साली माझी नेमणूक झाली ती काष्टीपासून तीन मैलांवरच्या एका वाडीत. मी नगरची, वय बावीस, पायात चपला आणि डोक्यात नाही नाही त्या कल्पना. वाडीचे सरपंच तात्या. धिप्पाड माणूस, बोलणं मोजकं, अक्षरओळख सहीपुरती. त्यांनी आपली कडब्याची खोली रिकामी करून बालवाडीला दिली, आणि त्यांच्याच पडवीच्या टोकाला माझी राहायची सोय केली. त्यांच्या बायकोला सगळे काकी म्हणत, मीही काकीच म्हणू लागले. बालवाडी तेव्हा एका वर्षाच्या बोलीवर होती. तालुक्याच्या साहेबांनी बघून पसंत केली तर कायमची मंजुरी, नाहीतर खोलीत पुन्हा कडबा.

पहिल्या दिवशी अठरा पोरांना अठरा खडू दिले. अठराच्या अठरा जणांनी ते मुठीत धरले, खुरपं धरतात तसे. घरात दुसरं काही धरलेलं त्यांनी बघितलंच नव्हतं. मी बोटं सरळ करून द्यायची, पाठ वळली की पुन्हा खुरपं. मग मला सुचलं, बोटांना आधी दुसरं काम द्यावं. ज्येष्ठ महिना होता, घरोघरी पेरणीसाठी भुईमुगाच्या शेंगा फोडायचं काम चाललं होतं. शेंग फोडताना बघा कधी. अंगठा आणि दोन बोटं, नेमका दाब, नाहीतर दाणा चेचतो आणि बियाणं वाया जातं. पेन्सिल धरायला जे लागतं ते सगळं त्यात आहे. मी पोरांना घरून मूठमूठ शेंगा आणायला सांगितल्या. पोरं रंगून गेली. पण मूठभर शेंगा कितीशा पुरणार? चौथ्या दिवशी काकी म्हणाल्या, "माज्या शेंगा हायेत की पाटीभर, त्या घ्या." मी घेतल्या. वाटलं, काय सोय झाली.

शहरातली अक्कल ती. आठवड्याच्या आत वाडीभर झालं की बालवाडीची बाई सरपंचाच्या घरचं बियाणं पोरांकडून फोडून घेते. एक बाई दारात येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आमी पोरं शिकाया धाडली का रोजानं?" मी तिला बोटांचं सांगायला गेले. ती म्हणाली, "व्हय, आन मंग उद्या भांडी घासून मनगाटं तयार करा." खरं सांगायचं तर मनात आलं, कल्पना वाईट नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते तात्यांना. आपल्या नावाला बट्टा लागला म्हणून ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काकींनी शेंगांची पाटी उचलून नेली, वर दाणे कमी भरले म्हणून कुरकुरल्या. अठरा पोरांच्या पोटात गेले होते ते.

पुढचं कुभांड खडूचं. शेंगा गेल्यावर मी खडू मोडायला लागले. अख्ख्या खडूचे नखाएवढे तुकडे करायचे. हा माझ्या धंद्यातला मोठा शोध म्हणा. तुकडा इतका बारका की मुठीत धरताच येत नाही, तीन बोटांत धरला तरच तो उमटतो. पोराला काही सांगावं लागत नाही, तुकडाच त्याला शिकवतो. भिंतीला खालून दोन हात उंचीपर्यंत मी काजळीचा काळा पट्टा मारून घेतला होता, त्यावर पोरं चित्रं काढायची. एका दुपारी तात्या खोलीत आले, पोरांच्या हातातला चुरा बघितला आणि म्हणाले, "पंचायतीनं अख्खं खडू दिलं. बाकीचं जातंय कुठं?"

मी त्यांच्या तळव्यावर एक तुकडा ठेवला. म्हटलं, "तात्या, मुठीत धरून सही करा." त्यांनी प्रयत्न केला, काही उमटेना. मग आपसूक तीन बोटं पुढं आली. उकिडवे बसून त्यांनी भिंतीवर सावकाश आपली सही केली, मागं होऊन बघितली, आणि खाली आणखी एकदा केली. त्यांना गंमत वाटत होती हे दिसत होतं, पण तसं कबूल करतील तर ते तात्या कसले.

"ते समदं खरं," ते उठून म्हणाले. "पन अक्षार कवा काढनार? माघात सायेब येनारेत. शेंगांपायी गावानं माजी इज्जत काढली, बाई. सायबाम्होरं पोरांनी काय दावलं न्हाई तर मी तुमच्यासाठनं शबुद टाकनार न्हाई. कडबा हितंच रचीन." चिडून बोलले नाहीत, म्हणूनच जास्त धास्ती वाटली. नोकरी गेली असती तर मला नगरला परत जावं लागलं असतं, आणि तिथं वडिलांनी एक स्थळ बघून ठेवलं होतं. ते मला नको होतं.

दिवाळी होऊन गेली, कांद्याला पाणी सुरू झालं आणि हौसा चित्रं काढायला लागली.

हौसा पाच वर्षांची. गुडघे कायम खरचटलेले, केस उन्हानं तांबूस झालेले, बोलणं अगदी थोडं. तोवर ती नुसत्या रेघोट्या ओढायची. एक दिवस बघते तर पट्ट्याच्या अगदी कोपऱ्यात तिनं शेजारी शेजारी दोन मोठे गोल काढलेले. प्रत्येक गोलाच्या मधोमध एक रेघ खाली लोंबणारी, टोकाला झुबका. खाली एक लांब रेघ, पुन्हा पुन्हा गिरवून जाड केलेली. आणि एका बाजूला थुंकी लावून केलेला ओला फराटा. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मला चैन पडेना. लाडू म्हणावे तर लोंबतं काय? भोपळे म्हणावे तर देठ खाली कसा? चौथ्या दिवशी तिच्याशेजारी मांडी घालून बसले आणि विचारलं, "हौसा, हे काय काढलंस गं?"

"बैलं."

"बैल? मग तोंड कुठंय त्यांचं?"

हिला शिकवायला कुणी धाडलं, अशा नजरेनं तिनं माझ्याकडं बघितलं. मग भिंतीकडं बोट करून म्हणाली, "मुंडकं पलीकडं हाय. आपल्याला कसं दिसंल?"

भिंतीच्या पलीकडं तात्यांचा गोठा होता, मी वेड्यासारखी तिकडं जाऊनही बघितलं. तिथं म्हैस होती. संध्याकाळी न राहवून तिच्या घरच्या मळ्यात गेले. विहिरीवर मोट चालू होती. ज्यांनी मोट बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते: विहिरीपासून खाली उतरती वाट असते, तिला धाव म्हणतात. बैल धावेवरून खाली जातात, त्यांच्या ओढीनं कातड्याची मोट विहिरीतून पाणी घेऊन वर येते आणि थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या हौदात, ओतते. मग बैल तोंड न वळवता त्याच वाटेनं पाठमोरे मागं सरकत वर येतात. खाली जाताना मोट हाकणारा नाड्यावर, म्हणजे त्या जाड दोरावर बसतो, तेवढाच भार. हौसाचा बाप रामभाऊ तसाच बसला होता, आणि त्याच्या मांडीवर हौसा.

"बाई, आज हिकडं कशा?" रामभाऊ म्हणाला. "पोरीनं काय खोडी केली का?"

"नाही हो. मला फक्त बघायचंय."

"मोट बघाय आल्या?" त्याला हसू आवरेना. "आता गाव हिरीवर हिंजनं बसवाय लागलं आन तुमी मोट बघाय आल्या."

मी धावेच्या वरच्या टोकाला गेले आणि हौसाच्या उंचीला येईन इतकी वाकले. तर काय सांगू, समोर दोन मोठे गोल. मधोमध लोंबणारी शेपटं, टोकाला झुबके. त्यापुढं ना मान, ना शिंगं, नुसतं आभाळ. खाली बैलांच्या जाण्यायेण्यानं खोल गेलेली एकच वाट. आणि बाजूला थारोळ्यात भदकन पाणी पडलं तेव्हा थुंकीचाही उलगडा झाला. पोरीनं एक रेघ खोटी काढली नव्हती. माझं काय, मी आयुष्यभर बैल बघितला तो बाजूनं, पुस्तकातला, चार पाय आणि दोन शिंगं नीट मोजता येतील असा. त्या दिवशी घरी येताना मला इतका आनंद झाला होता की वाटेत एकटीच हसत होते. त्या रात्री मला जेवण सुचलं नाही आणि काकींना वाटलं पोट बिघडलं.

त्यानंतर मी सगळ्या पोरांच्या रेघांमागं लागले. एकानं नुसती वेटोळी काढली होती, ती निघाली आईच्या डोक्यावरची, घागरीखालची चुंबळ. एकानं अख्खा पट्टा भरून ठिपके काढले, ते वाफ्यातले कांदे होते, वरून बघितलेले. मी ठरवलं, साहेब आले की त्यांना हेच दाखवायचं. पोरांना विचारून प्रत्येक चित्राचं सांगायचं. मला खात्री होती साहेब चकित होतील.

साहेब यायला तीन आठवडे राहिले तेव्हा तात्या तयारी बघायला आले. मी त्यांना मोठ्या हौसेनं पट्ट्यापाशी नेलं.

"ह्ये काय? मडकी?"

"बैल आहेत, तात्या. मोटेचे. तिला नाड्यावरून दिसतात तसे."

तात्यांनी वाकून ते दोन गोल बघितले. त्यांच्या लक्षात आलं. क्षणभर त्यांच्या मिशीत हसूही आलं असावं, पण ते विरलं. "म्हंजी सायबाला तुमी बैलाचं ढुंगान दावनार," ते शांतपणे म्हणाले. "आदी शेंगा, मंग खडू, आन आता ह्ये. बाई, तुमचं डोस्कं हुशार हाय, मी न्हाई म्हनत न्हाई. पन सायेब घटकाभर येतोय. त्येला ह्ये उमगंल का?"

मला तिथं भांडता आलं असतं. आज भांडले असते. पण तेव्हा डोळ्यांपुढं नगर आलं, ते स्थळ आलं, आणि साहेबांच्या कपाळावरची आठी तर आत्ताच दिसायला लागली. दुसऱ्या दिवशी मी पट्टा ओल्या फडक्यानं पुसला आणि सगळ्यांत वर एक चित्र काढलं. तुम्हा सगळ्यांना ठाऊक असलेलं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, काठाला झोपडी, झोपडीशेजारी नारळाचं झाड, आभाळात चार पक्षी.

"बाई, ह्ये झाड कशाचं?" एकानं विचारलं.

"नारळाचं."

"कुठं आस्तं?"

"कोकणात."

"तुमी गेल्त्या?"

"नाही," मी म्हटलं. "काढा मुकाट्यानं."

तीन आठवडे रोज तेच, आधी पट्ट्यावर, मग दगडी पाट्यांवर. आणि इथंच मला माझ्याच कामानं दगा दिला. शेंगा फोडून, खडूचे तुकडे धरून पोरांची बोटं आता चांगली तयार झाली होती. बोटं तयार नसती तर त्यांना तो डोंगर जमलाच नसता, चार दिवसांत मी नाद सोडला असता. पण जमला. हौसाला तर सगळ्यांत आधी जमला. तिचा त्रिकोण टोकदार, नदी एकसारखी, सूर्याच्या किरणांत सारखं अंतर. मी तिला शाबासकी दिली, सगळ्यांपुढं उभी केली, "हौसासारखं काढा" म्हणून सांगितलं. तोवर तिला कुणी कशासाठी उभं केलेलं नव्हतं. पोर लाजली आणि फुलली. तिच्या तोंडावरचं ते हसू मला अजून आठवतं, आणि आठवलं की माझा मलाच राग येतो.

साहेब आले. पाऊण तास थांबले, त्यातला अर्धा वेळ तात्यांच्या घरी चहात गेला. अठरा डोंगर, अठरा सूर्य बघून ते खूश झाले. "वा, किती एकसारखं. शिस्त आहे," म्हणाले. हौसाची पाटी हातात घेऊन तात्यांना म्हणाले, "सरपंच, अशी बाई सोडू नका." मंजुरी मिळाली. तात्यांनी पोरांना गूळ-शेंगदाणे वाटले, आणि मला म्हणाले, "बाई, त्या बैलांचं मनावर घिऊ नका." मनावर कसलं घेते, मी हवेत होते. माझी नोकरी राहिली, बालवाडी राहिली. त्या खोलीत पुढं कितीतरी वर्षं पोरं शिकली, हेही खरंच आहे, ते मी नाकारत नाही.

आठवडाभरानं मी पट्टा पुन्हा पुसून स्वच्छ केला आणि पोरांना म्हटलं, "आता काढा हवं ते." सगळ्यांनी डोंगर काढले. म्हटलं, सवय आहे, जाईल. दुसऱ्या दिवशी डोंगर. मी कोळसा दिला, डोंगर. अंगणात माती पसरून काडी दिली, मातीत डोंगर. कांद्याचे ठिपके काढणाऱ्याला म्हटलं, "अरे, तुझे कांदे काढ ना." त्यानं झोपडीशेजारी एक गोल काढला आणि नारळ म्हणून सांगितलं. महिन्या-दीड महिन्यात चार-पाच पोरं हळूहळू मोकळी झाली, नवीन आलेल्यांना तर माहीतच नव्हतं. हौसा मात्र हलली नाही. तिचा डोंगर दिवसेंदिवस सुबक होत चालला होता.

उन्हाळ्याची सुट्टी लागायला चार दिवस होते. जूनमध्ये ती पहिलीत जाणार, म्हणजे माझ्या हातून जाणार. मी तिला एकटीला मागं ठेवून घेतलं, भिंतीशी बसवलं, हातात खडूचा तुकडा दिला. अजून रोज संध्याकाळी ती बापाच्या मांडीवर नाड्यावर बसत होती, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, "हौसा, मला तुझे बैल काढून दे. मोटेचे. आधी काढायचीस तसे."

ती पट्ट्याकडं बघत बसली. खडू टेकवला, उचलला. पुन्हा टेकवला. कपाळावर घाम आला. मग खडू माझ्यापुढं धरून म्हणाली, "बाई, मला न्हाई येत. तुमी काढून दावा, मंग मी काढते."

मी पुष्कळ समजावलं. नाड्यावर बसल्यावर काय दिसतं ते आठव, म्हटलं. ती मान हलवायची आणि खडू पुढं करायची. शेवटी रडायला आली, म्हणून मी खडू घेतला. वाटलं, सुरुवात करून दिली की पुढचं तिला सुचेल. दोन गोल कुणालाही आले असते, पण खडू टेकवला आणि माझ्याही डोळ्यांपुढं ते आले नाहीत. माझा हात गेला तो पुस्तकातल्या बैलावरच. बाजूनं दिसणारा, शिंगं, वशिंड, चार पाय. चित्रकला माझी बेताचीच, शेपूट जाड झालं आणि थेट जमिनीला टेकलं.

हौसानं डोळे पुसले आणि शेजारी काढायला बसली. तिन्ही बोटांत खडू कसा सुरेख धरला होता. शिंगं तशीच, वशिंड तसंच, पाय तसेच. मग शेपूट. तेही तितकंच जाड, तसंच जमिनीला टेकलेलं.

"हे काय गं?" मी विचारलं.

"पाय."

"अगं, बैलाला पाच पाय असतात का?"

तिनं माझ्या बैलाकडं बघितलं, पाय मोजले, आणि म्हणाली, "तुमीच काढल्यात की, बाई."